कंबोडियाची 'शिला' : परक्यांचा पैसा आणि गावाचा कारभार

कंबोडियाच्या ख्मेर भाषेत गावाला 'फूम' म्हणतात. लिहिताना मात्र अक्षरे 'भूमि' अशीच असतात. प्रांताला 'खेत' म्हणतात, तो पालीतला 'खेत्त'. ईशान्येकडच्या एका डोंगराळ प्रांताचे नाव रतनाकिरी, म्हणजे नावापुरती तरी आपली रत्नागिरीच. आणि १९९६ साली या देशात गावकऱ्यांच्या हाती कारभार देण्यासाठी जी मोठी योजना सुरू झाली तिचे नाव होते 'सेइला', म्हणजे शिला. पायाचा दगड.

हा दगड बसवायला पैसा आला तो बाहेरून. संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम, त्याच संघाचा भांडवली विकास निधी, स्वीडन, नेदरलँड्स, ब्रिटन, जर्मनी, पुढे जागतिक बँक. गरीब देशात पंचायत उभी करायला परदेशी मदत कुठवर कामी येते आणि कुठे तोकडी पडते, हे पाहायचे तर कंबोडियाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरात कोणी ना कोणी ग्रामपंचायतीत बसलेला असतो. कोणाची आई, कोणाची सून राखीव जागेवर निवडून आलेली असते. तेव्हा ही हकीकत दूरदेशीची असली तरी परकी वाटणार नाही.

राखेतून उभे राहताना

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली. ७ जानेवारी १९७९ रोजी त्यांची सत्ता गेली. या पावणेचार वर्षांत उपासमार, रोगराई, जुलमाची मजुरी आणि कत्तल यांत १५ ते २० लाख माणसे मेली. सारा देशच तेव्हा ७५-८० लाखांचा. शहरे रिकामी केली, चलन बंद केले, शाळांना टाळी लावली, भिक्खूंच्या अंगावरची चीवरे उतरवली, कित्येक विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली करायची आणि रात्री त्याला उचलून न्यायचे, असा तो काळ. माणसे मेली तशी माणसामाणसांतली ओलही आटली.

नंतर व्हिएतनामच्या आधाराने सरकार आले. त्याने गावोगाव प्रमुख नेमले. तिथे गावाच्या वरचा कारभार 'खुम' पाहते. खुम म्हणजे आपल्याकडच्या गटग्रामपंचायतीसारखी. सरासरी आठ-नऊ गावे मिळून एक. या नेमलेल्या खुमप्रमुखाचे काम काय? सैन्यात पोरे भरती करून देणे, वरून आलेला हुकूम खाली पोचवणे आणि कोण कुठे जातो-येतो यावर नजर ठेवणे. खुमप्रमुख दारात आला की घरातल्या बाईच्या छातीत धस्स व्हावे. सरकार म्हणजे मागायला येणारे, न्यायला येणारे. द्यायला येणारे सरकार लोकांनी पाहिलेलेच नव्हते.

१९९१ साली पॅरिसमध्ये शांतता करार झाला. थायलंडच्या सरहद्दीवरच्या छावण्यांत दहा-बारा वर्षे काढलेली साडेतीन लाखांहून अधिक माणसे १९९२-९३ मध्ये परत आली. त्यांना बसवायचे कुठे, पाणी कुठून द्यायचे? संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने १९९२ साली 'केरेअर' नावाचा प्रकल्प काढला. परदेशी अभियंते आले, रस्ते झाले, विहिरी झाल्या, शाळा झाल्या. काम झपाट्याने झाले, यात शंका नाही. पण कामे 'त्यांची' होती. हापशाचा दांडा तुटला तर दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न गावाला पडत नव्हता, कारण हापसा गावाने मागितला नव्हता, निवडला नव्हता. प्रकल्पाची गाडी गेली की विहीर पोरकी. हे त्या प्रकल्पातल्या लोकांच्याच लक्षात आले, ही त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट. १९९६ साली त्यांनी रीत बदलली. आपण बांधायचे नाही. गावाने ठरवायचे, सरकारी यंत्रणेने करून द्यायचे, आपण पैसा आणि शिकवण द्यायची. हीच सेइला.

पैसा थोडा, पण ठरलेला

सुरुवात पाच प्रांतांत झाली : बांतेय मीआनचेय, बात्तामबांग, सिएम रीप, पुरसात आणि रतनाकिरी. गावाने आपली विकास समिती निवडायची. गावांच्या समित्यांवर खुमची समिती, तिच्यावर प्रांताची. संयुक्त राष्ट्रसंघाच्या भांडवली विकास निधीतून प्रत्येक खुमला स्थानिक विकासासाठी रक्कम मिळे.

रक्कम मोठी नव्हती. पुढे देशभर निधी सुरू झाला तेव्हाही एका खुमच्या वाट्याला वर्षाला दहा हजार डॉलरच्या आतबाहेर पैसे येत, आणि खुमची वस्ती सरासरी आठ हजार. माणशी हिशेब करा : वर्षाला एक-दीड डॉलर. त्यात काय होणार, असे कोणीही विचारील. पण या योजनेतली खरी किमया इथेच होती. किती पैसे मिळणार हे खुमला आधी कळत असे.

याचे महत्त्व आपल्याला चांगले समजेल. बैठकीत साहेबाने विचारावे, 'बोला, तुमच्या काय मागण्या आहेत?' आणि लोकांनी दवाखाना, शाळा, पूल, वीज, नळ असे सगळे सांगून मोकळे व्हावे. साहेब लिहून घेतो, वही मिटतो, जीप निघून जाते. अशा बैठकीत भांडण होत नाही, कारण वाटायला काहीच नसते. पण 'यंदा तुमच्याकडे एवढे पैसे आहेत, यात एकच काम होईल' असे सांगितले की बैठक तापते. वरच्या आळीची मोरी आधी की खालच्या गावाचा कालवा? ज्याच्याकडे बैलगाडी आहे त्याला रस्ता हवा असतो, जिला डोक्यावरून पाणी आणावे लागते तिला विहीर. कोणाचे मागे ठेवायचे आणि त्याला काय तोंडाने सांगायचे, हे गावकऱ्यांना प्रथमच आपापसांत ठरवावे लागले. वीस वर्षे ज्यांना तोंड उघडायची भीती होती त्यांनी समोरासमोर बसून हे केले, हे लहान काम नव्हे.

काम ठरले की तांत्रिक माणूस अंदाजपत्रक करी. निविदा लोकांसमोर उघडत. गावाने आपला थोडा वाटा घालायचा, रोख किंवा श्रमाने. काम तपासल्यावर ठेकेदाराचा हप्ता सुटायचा. ठेकेदार आपसांत संगनमत करतात, टक्केवारी चालते, अशा तक्रारी तिथेही झाल्या. त्या कुठे होत नाहीत? पण निविदा कोणाकोणाच्या आल्या आणि कोणाची लागली हे निदान चारचौघांत वाचून दाखवले जात होते.

खुमच्या पैशात न बसणारी कामे वर्षातून एकदा तालुक्याच्या बैठकीला जात. तिथे शेती, आरोग्य, पाणी या खात्यांचे अधिकारी आणि स्वयंसेवी संस्था बसलेल्या असत. खुमवाले आपली यादी मांडीत आणि ज्याला जे जमेल त्याने ते उचलायचे, कागदावर सही करायची. कल्पना चांगली होती. मात्र खात्यांचे पैसे नॉम पेन्हमध्ये आधीच ठरलेले असत, त्यामुळे बरीचशी यादी पुढच्या वर्षी पुन्हा तशीच येई.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मदतीच्या अहवालांत ती खालच्या टिपेत असते. त्या काळी कंबोडियातल्या सरकारी नोकराचा पगार महिना वीस-तीस डॉलरच्या आसपास. त्यात घर चालत नसे. म्हणून योजनेत काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना परदेशी पैशातून वरचा भत्ता मिळे. भत्ता होता तिथे हुशार माणसे गोळा झाली, वेळेवर गावात जाऊ लागली, कागद नीट ठेवू लागली. शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच सरकारचा नोकर, पण त्याला भत्ता नाही. त्याच्याकडून कामाची अपेक्षा कशी करणार? परदेशी मदत अनेक देशांत हेच करते. एक खोली रंगवते आणि बाकीचा वाडा तसाच ठेवते. माणसाला त्याच्या सरकारने पोटापुरता पगार दिला पाहिजे, हा साधा हिशेब कोणत्याही प्रशिक्षणाने टळत नाही.

तरीही सेइलाच्या पदरात दोन गोष्टी मोठ्या आहेत. ख्मेर रूजच्या उरलेल्या टोळ्या १९९६ ते १९९८ या काळात शस्त्र टाकून परतल्या, तेव्हा त्यांच्या भागांतही हीच योजना गेली. कालपर्यंत ज्या गावाकडे तोफेचे तोंड होते तिथे आज मोरीचे अंदाजपत्रक होऊ लागले. दुसरी गोष्ट क्रमाची. बहुतेक देशांत आधी कायदा होतो, मग गाव त्यात कोंबले जाते. इथे पाच वर्षे काम करून पाहिले, चुका दिसल्या, आणि मग २००१ साली खुमचा कायदा आला. २००३ पर्यंत योजना देशाच्या चोवीसही प्रांतांत पोचली.

मत गावाचे, तिकीट पक्षाचे

३ फेब्रुवारी २००२ रोजी कंबोडियात पहिल्यांदा खुमच्या निवडणुका झाल्या. १,६२१ खुम, ११,२६१ सभासद. लोक रांगा लावून मतदानाला गेले. नेमलेला प्रमुख जाऊन निवडलेला प्रमुख आला. परदेशी पाहुण्यांनी समाधान व्यक्त केले.

पण निवडणुकीची रीत पाहा. मत द्यायचे ते पक्षाच्या यादीला. अपक्ष उभा राहू शकत नाही. सर्वांत जास्त मते मिळवणाऱ्या पक्षाच्या यादीतला पहिला माणूस खुमप्रमुख. म्हणजे गावात ज्याच्या शब्दाला मान आहे असा शिक्षक किंवा विहारातला जाणता म्हातारा, त्याला पक्षाने यादीत घेतले तरच तो लोकांसमोर येणार. आणि यादीत वर ठेवायचे की खाली, हेही पक्ष ठरवणार. मग निवडून आल्यावर तो कोणाकडे तोंड करून बसेल? १,६२१ पैकी १,५९८ खुमप्रमुख सत्ताधारी कंबोडियन पीपल्स पार्टीचे निवडून आले. त्यांतले पुष्कळ जण पूर्वी नेमलेलेच होते. खुमचा कारकून, म्हणजे आपला ग्रामसेवक, तो गृहखात्याने पाठवायचा. गावाचा प्रमुख लोकांच्या थेट मताने निवडायचाच नाही.

स्त्रिया किती निवडून आल्या? शंभरात आठ-नऊ. जागा राखीव नव्हत्या. नियोजनाच्या समितीत प्रत्येक गावातून एक पुरुष आणि एक स्त्री घेण्याची पद्धत मात्र होती, म्हणून बायका बैठकीत दिसत. पण बैठकीत बसणे वेगळे आणि ठरावावर सही करण्याचा अधिकार असणे वेगळे, हे आपल्या भगिनींना सांगायला नको. भारतात १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येप्रमाणे जागा दिल्या आणि सरपंचपदेही राखीव केली. त्यात नवऱ्याने खुर्चीवर बसण्याचे प्रकार झाले, होतात. पण जागाच नसेल तर बाई नवऱ्याकडून खुर्ची परत घेणार तरी कोठून?

बाबासाहेबांनी हाच प्रश्न फार आधी विचारला होता. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा, नुसत्या प्रौढ मताधिकाराने दलितांना न्याय मिळणार नाही, प्रत्येक गावात ते अल्पसंख्य आहेत, त्यांना राखीव जागा हव्यात, असे त्यांनी ठामपणे मांडले. पंचायतीला न्यायदानाचे अधिकार देण्यालाही त्यांचा विरोध होता. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. १९९० नंतर मदत देणाऱ्या देशांत 'सत्ता जितकी खाली तितकी चांगली' असे वारे होते. खाली म्हणजे नेमकी कोणाच्या हातात, हे विचारणारे कमी होते. कंबोडियात आपल्यासारखी जात नाही. पण पक्ष, अधिकारी आणि व्यापारी यांची जी साखळी आहे तिने गावातली सत्ता अलगद झेलली.

रस्तेच रस्ते

२००२ पासून सरकारने आपल्या महसुलातला ठरावीक हिस्सा 'खुम निधी' म्हणून द्यायला सुरुवात केली. काही भाग सर्वांना सारखा, काही लोकसंख्येवर, काही गरिबी पाहून. ही पद्धत स्वच्छ होती आणि अजूनही तिचे कौतुक होते. खुमला स्वतःचा कर मात्र कधी नीट मिळाला नाही. कायद्यात शब्द होते, पण ते प्रत्यक्षात आणणारे नियम आले नाहीत.

या निधीतला मोठा भाग रस्त्यांवर गेला. मातीचे रस्ते, मुरुमाचे रस्ते, मोऱ्या. मग कालवे, विहिरी. लोकांना रस्ते नको होते असे नाही. पावसाळ्यात चार महिने तुटणाऱ्या गावाला रस्ता म्हणजे दवाखानाच. पण रस्त्यांकडे ओढा असण्याची आणखी कारणे होती. रस्त्याचा नमुना तयार असतो, मोजमाप सोपे, ठेकेदार हजर, परदेशी पाहुण्याला दाखवता येतो. शाळेतला मास्तर रोज येतो की नाही, दवाखान्यात औषध आहे की नाही, यावर खुमचा अधिकारच नव्हता. ती खाती राजधानीच्या हातात.

आणि जंगल? २००१ च्या कायद्यानेच सांगून टाकले की जंगलाच्या बाबतीत खुमला अधिकार नाही. संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन यांच्या पंगतीत जंगलही बसवले. ज्या गावांचे पोट डिंकावर, वेतावर, रानभाज्यांवर, फिरत्या शेतीवर, त्यांना मोरी बांधायचे स्वातंत्र्य होते, रान राखायचे नव्हते. याच वर्षांत कंपन्यांना रबर, ऊस आणि इतर लागवडीसाठी जमिनी दिल्या जात होत्या. स्वयंसेवी संस्थांच्या मोजणीनुसार त्या २० लाख हेक्टरांच्या घरात गेल्या. २०१२ च्या मे महिन्यात नव्या जमिनी देणे थांबवले, तोवर पुष्कळ झाले होते. रतनाकिरीतल्या तांपुआन, जराई, क्रेउंग या आदिवासींना २००१ च्या जमीन कायद्याने सामूहिक मालकीचा हक्क दिला, पण कागद हातात पडायला वर्षानुवर्षे गेली. सेइलाचे पहिले पाच प्रांत, त्यांतला हा एक. योजनेने तिथे चांगले काम केले, आणि तरी गावाखालची जमीन गेली. मोठा निर्णय वर ठेवून छोटा खाली दिला की असे होते.

निधीशेजारी आणखी एक पैसा वाहत होता. सत्ताधारी पक्षाचे 'कार्यगट' गावोगाव फिरत. मंत्री, बडे अधिकारी, त्यांच्यामागे श्रीमंत व्यापारी. शाळा, रस्ता, विहीर ते देणगी म्हणून देत, आणि शाळेवर पंतप्रधान हुन सेन यांचे नाव लागे. अशा शाळा देशभर हजारोंनी झाल्या. खुमच्या विहिरीसाठी गावाने सभा घ्यायची, वाटा भरायचा, वर्षभर थांबायचे. देणगीची विहीर मात्र मंत्र्याच्या एका भेटीत मिळते. लोक कोणाला दुवा देतील? हक्क आणि दान यांत काय फरक आहे, हे सांगायला बाबासाहेबांचे अनुयायी लागत नाहीत. कंबोडियातल्या शेतकऱ्यालाही तो कळत होता. पण भूक आणि भीती दोन्ही बाजूला असताना माणूस दान नाकारत नाही.

विहाराचा हिशेब

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट. कंबोडियातल्या गावात लोकांचा विश्वास खुमच्या सभेपेक्षा विहाराच्या समितीवर जास्त आहे, असे अभ्यासकांना वारंवार आढळले. समितीत भिक्खूंबरोबर 'आचार' म्हणजे जाणते उपासक असतात. शब्द आपल्या आचार्याचाच. वर्षावास संपला की कठिन चीवरदान होते. त्यात शहरात गेलेली, परदेशी गेलेली मुले गावाला पैसे पाठवतात. कोणी किती दिले हे भोंग्यावरून सांगतात, अगदी गरीब म्हातारीचे चार पैसेही. त्या पैशातून विहार, कधी शाळेची खोली, कधी वाटेवरचा पूल. लेखापरीक्षक नाही, छापील नमुना नाही, आणि तरी हिशेब चोख, कारण विचारणारे समोर बसलेले असतात.

परदेशी तज्ज्ञांनी यातून विहारालाच योजनेत जुंपावे असे सुचवून पाहिले. हे काही फारसे शहाणपणाचे नव्हते. विहारावर विश्वास आहे तो तिथे सरकार नाही म्हणून. आणि विहाराची समिती पुरुषांची, वयोवृद्धांची; तिथे तरुण विधवेला काय वाटते हे कोण विचारतो? घ्यायचे होते ते भोंग्यावरून हिशेब सांगणे. ते घेणे खुमला काही अवघड नव्हते.

एका दिवसात

सेइला २००६ साली संपली. पुढे सरकारने २००८ चा कायदा, राष्ट्रीय समिती, २०१० पासून दहा वर्षांचा कार्यक्रम असे पुष्कळ उभे केले. जिल्हा व प्रांत परिषदा आल्या, पण त्यांचे सभासद थेट लोकांनी न निवडता खुमच्या सभासदांनी निवडायचे आणि प्रांताचा गव्हर्नर वरूनच नेमायचा. २००७ आणि २०१२ च्या खुम निवडणुकांतही चित्र बदलले नाही. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव प्रमुख एकाच पक्षाचे.

आणि मग ४ जून २०१७ आला. १,६४६ पैकी ४८९ खुम विरोधी कंबोडिया नॅशनल रेस्क्यू पार्टीने जिंकल्या. ११,५७२ पैकी ५,००७ सभासद तिचे. पंधरा वर्षांत जे झाले नाही ते झाले. ज्या लोकांना सभेत बोलायची भीती वाटत होती त्यांनी मतपेटीत सांगून टाकले. अनेक ठिकाणी पहिल्यांदाच खुमच्या कचेरीच्या किल्ल्या एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेल्या.

पाच महिने टिकले. १६ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पक्षच बरखास्त केला आणि त्याच्या ११८ नेत्यांना पाच वर्षे राजकारणातून बाद केले. महिनाभर आधी कायदा बदलून ठेवलेला होता : बरखास्त पक्षाच्या जागा इतर पक्षांत वाटायच्या. ५,००७ माणसे पक्ष बदलतील तर राहतील, नाहीतर घरी. बहुतेक जागा सत्ताधाऱ्यांकडे गेल्या. ज्या गावाने ज्याला नाकारले तोच पुन्हा प्रमुख होऊन बसला. वीस वर्षे ज्या यंत्रणेवर पैसा, शिबिरे आणि पुस्तिका खर्च झाल्या तिचे निधीचे सूत्र, निविदांचे नियम, हिशेबाच्या वह्या, सगळे जागच्या जागी होते. फक्त मत काढून घेतले होते.

स्वीडन हा या कामाचा सर्वांत जुना सोबती. सेइलाच्या पहिल्या वर्षांपासूनचा. त्याने त्याच महिन्यात जाहीर केले की शिक्षण आणि संशोधन सोडून कंबोडिया सरकारशी नवे करार करणार नाही, आणि विकेंद्रीकरणाची ही सुधारणा आहे त्या स्वरूपात चालवायला मदत करणार नाही. निर्णय बरोबर होता. पण उशिरा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत. अपक्षाला बंदी, यादीचा कारभार, जंगल वर्ज्य : हे सारे २००१ च्या कायद्यात काळ्यावर पांढरे होते. पैसा देणाऱ्यांनी ते वाचले होते. दरवर्षी किती किलोमीटर रस्ता झाला, किती सभासदांना शिकवले, हे आकडे मात्र चांगले येत होते, आणि पुढचा हप्ता सुटायला तेवढे पुरत होते. शेवटी इलाज म्हणून हात काढून घेतला, तेव्हा झळ लागली ती गावालाच.

५ जून २०२२ च्या निवडणुकीत १,६५२ पैकी १,६४८ खुम सत्ताधारी पक्षाकडे गेल्या. कँडललाइट पार्टीच्या वाट्याला उरलेल्या चार. त्या पक्षाला २०२३ च्या राष्ट्रीय निवडणुकीत उभेच राहू दिले नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हुन सेन पायउतार झाले आणि त्यांचे चिरंजीव हुन मानेत पंतप्रधान झाले.

भिंतीवरची यादी

या सगळ्यात एक धागा मात्र वेगळा निघाला. आपल्याकडे दारिद्र्यरेषेच्या यादीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे गळाले यावरून गावोगाव झालेली भांडणे वाचकांना आठवत असतील. कंबोडियाने २००५-०६ च्या सुमारास, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियाच्या मदतीने, गरीब कुटुंबे ओळखण्याची पद्धत बसवली. गावसभेने काही माणसे निवडायची. त्यांनी घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारायचे : छप्पर कशाचे, जमीन किती, कमावते किती, खाणारे किती. मग कच्ची यादी सर्वांना दिसेल अशी लावायची. ज्याला हरकत आहे त्याने घ्यायची, तिचा निकाल द्यायचा, आणि मगच खुमने यादी मंजूर करायची. कुटुंबाला फोटोसह कार्ड मिळते. ते दाखवले की सरकारी दवाखान्यात फुकट उपचार.

यातही आपल्या माणसाचे नाव घुसवणे झाले. कामासाठी थायलंडला गेलेली कुटुंबे मोजणीच्या वेळी घरी नसत, त्यांची नावे राहून गेली. मोजणी तीन वर्षांनी एकदा; मधल्या काळात ज्याच्या घरी कर्ता माणूस गेला त्याने थांबायचे. पण भिंतीवर लावलेल्या यादीबद्दल तोंड उघडता येत होते. त्यात पक्षाचा सरळ प्रश्न नव्हता, शेजारच्या चुलीचा होता, म्हणून लोक बोललेही.

२०२० च्या जून महिन्यात करोनामुळे कामे बंद पडली तेव्हा सरकारने याच याद्यांवरून लाखो कुटुंबांना दरमहा रोख पैसे द्यायला सुरुवात केली. यादी तयार नसती तर ते काही आठवड्यांत जमले नसते. त्याच वर्षापासून तीन वर्षांची अटही गेली. आता बाई कोणत्याही दिवशी खुमच्या कचेरीत जाऊन सांगू शकते की आमची परिस्थिती बदलली आहे, घरी येऊन पाहा. कारकुनाने नोंद घ्यायची, गावातल्या माणसांनी घरी जाऊन प्रश्न विचारायचे, आणि तिचे नाव बसते की नाही ते तिला कळवायचे.